गोड्या पाण्याची वसई

मुंबई ही एके काळी वसईच्या पदरी होती, असे सांगितले तर आजचा तरुण वाचक ती थट्टा समजेल. लोकलच्या डब्यात पाय ठेवण्यापुरती जागा मिळावी म्हणून पहाटे धावणाऱ्या वसईकराला तर ते मुळीच पटणार नाही. परंतु इतिहास तसाच आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘सां मातेउस’ या गलबतावर गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात तह झाला. त्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, आणि त्या मुलखात मुंबईची बेटेही होती. वसई हे उत्तरेकडील पोर्तुगीज प्रांताचे मुख्य ठाणे बनले. मुंबई त्या ठाण्याच्या हिशेबवहीतली एक नोंद होती. १५५४ च्या सुमारास ते बेट गार्सिया द ओर्ता या विद्वान वैद्याला भाडेपट्ट्याने देण्यात आले. ओर्ताने आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात, जो १५६३ साली गोव्यात छापला गेला, या बेटाचा आपले म्हणून उल्लेख केला आहे. पुढे जिच्यावरून साम्राज्ये हलली ती मुंबई तेव्हा एका वैद्याची वाडी होती.

हे चित्र उलटले ते एका लग्नामुळे. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि मुंबई आंदणात गेली. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याला हा व्यवहार मान्य नव्हता. इंग्रज मुंबईत स्थिरावले की हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच म्हणून समजा, अशा आशयाचे पत्र त्याने आपल्या राजाला लिहिले. राजाज्ञेपुढे त्याचे काही चालले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये बेट इंग्रजांच्या हवाली झाले, आणि १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. त्या दिवसापासून वसई ही एका मोठ्या होत जाणाऱ्या शहराची शेजारीण झाली. शेजारपणाचा तो संसार साडेतीनशे वर्षे चालला आहे, आणि त्याचा जमाखर्च मांडावा असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते.

वसईचे सौंदर्य कोणाला दिसले आणि ते कोणी राखले, हा या जमाखर्चातला पहिला प्रश्न आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचे पाणी घेऊन येणारी खाडी, आणि त्यांच्या बेचक्यात तटबंदीने वेढलेले नगर. आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांची चर्चे व मठ. संत फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेले. येथील एका स्थानिक स्त्रीच्या पोटी, पोर्तुगीज पित्यापासून जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर खिळला गेला आणि १८६२ साली संतपदास पोहोचला. ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे, म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही.

जी गोष्ट घराघरांत सांगितली जात नाही ती अशी, की त्या देखण्या नगरात रात्री मुक्काम करण्याचा मान केवळ पोर्तुगीज कुलीनांना, म्हणजे हिदाल्गोंना होता, असे जुने लेखक नमूद करतात. कारागीर, हमाल, माळी, कोळी दिवसा आत जात आणि दिवे लागताना बाहेर येत. भिंत समुद्राच्या आणि शत्रूच्या विरुद्ध होती खरी, परंतु ती या लोकांच्याही विरुद्ध होती. मे १६१८ मध्ये भयंकर वादळ झाले तेव्हा मठांची छपरेसुद्धा उडाली. झोपड्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. १६७४ साली मस्कतचे अरब किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्चे लुटली. शिबंदी तटाच्या आत बसून राहिली. तटाबाहेर कोण राहत होते हे सांगावयास नकोच. ते आपले पूर्वज होते.

आता या बाहेरच्या लोकांनी काय केले ते पाहू. १६९५ साली जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी वसईत आला होता. जगप्रदक्षिणा करणारा हा गृहस्थ डोळस होता. नगराबाहेर कसब्याकडे जाणाऱ्या वाटेवर पंधरा मैल बागाच बागा लागतात, माड, केळी, आंबे आणि ऊस यांनी त्या भरलेल्या आहेत, असे तो लिहितो. उन्हाळ्यात शहरात साथीचे रोग पसरत, तेव्हा धनिक मंडळी हवा खाण्यासाठी याच बागांतल्या आपल्या बंगल्यांत येऊन राहत. शहराजवळच्या रम्य ठिकाणी सुटीचे घर बांधण्याची हौस किती जुनी आहे, ते यावरून ध्यानात यावे. कारेरीने आणखी एक बारीक नोंद केली आहे, आणि आमच्या मते त्याच्या वर्णनातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच. या बागा सदैव हिरव्या राहतात, कारण यंत्रांनी पाणी काढून त्यांना दिले जाते, असे तो सांगतो. ती यंत्रे म्हणजे आपले रहाट. बंगला हिदाल्गोचा, सावली हिदाल्गोची, आणि रहाट फिरवणारा माणूस व त्याचा बैल तटाबाहेरचे.

गेली काही वर्षे आम्ही बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजाच्या परिसरात राहत आहोत. खामगाव तालुक्यातले हे गाव समुद्रापासून फार दूर. वसईच्या पाण्याविषयी बोलणे निघाले असता येथील एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, “फादर, तुमच्या गावाले त एवढा समुद्र हाय, मंग पान्याची कायची फिकर?” प्रश्न भाबडा नव्हता. दूरच्या माणसाला समुद्रकाठचे गाव म्हणजे पाण्याचे गाव वाटावे, हे साहजिकच आहे. आम्ही त्याला त्याच्याच जिल्ह्याचे उदाहरण दिले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे समुद्राचा मागमूस नाही, तरी विहीर खणली की खारट पाणी लागते. पाणी डोळ्यांपुढे असते आणि पिकाला चालत नाही. वसईचे भय नेमके तेच आहे. फरक एवढाच, की पूर्णेकाठचा खार निसर्गाने दिला आहे आणि वसईचा खार माणूस ओढून आणू शकतो.

हे कसे घडते ते थोडे समजून घेतले पाहिजे. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचे पाणी मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते खाली मुरलेल्या समुद्रजलावर तरंगत राहते. गीबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी याचे साधे गणित मांडले. समुद्राच्या पातळीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक फूट उंच असेल, तर पातळीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी उभे असते. ऐकून समाधान वाटावे असे हे गणित आहे; पण ते उलटही चालते. उपसा करून वरची पातळी एक फूट खाली नेली, की तळातला खार कालांतराने चाळीस फूट वर चढू पाहतो. म्हणजे समुद्रकाठच्या विहिरीत दिसणारे पाणी हे शिलकीतले पाणी नसून खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरणारे वजन असते. ते वजन उचलले की समुद्र आत येतो, आणि त्याला भिंत फोडावी लागत नाही.

आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते, परंतु त्याचे उत्तर ठाऊक होते. त्या उत्तराचे नाव बावखल. वाडीच्या सखल भागात खोदलेले हे तळे. खोदताना निघालेली माती वाडीत पसरून जमीन उंच केली जाई, आणि खड्ड्यात पावसाळ्याचे पाणी साठे. त्यातून बागेला शिंपणे होई, धुणे होई, गुरे धुतली जात, मासे मिळत, आणि बाकीचे पाणी हळूहळू जमिनीत मुरून शेजारच्या विहिरींना गोडवा देई. बावखल हे एकट्याच्या मालकीचे असले तरी त्याचा उपकार शेजाऱ्यांवर असे. आमच्या घरामागेही एक बावखल आहे. विजेचे पंप आले आणि रहाट गेले, तरी रहाटाला जुंपलेल्या बैलाच्या डोळ्यांवर झापड का बांधतात, हे आमचे आजोबा आम्हां मुलांना तेथेच बसून सांगत. फिरणाऱ्याला आपण कोठेच जात नाही हे कळू नये म्हणून, असे त्यांचे उत्तर असे. लहानपणी आम्हांस ती गंमत वाटे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर वसई घेतली. वेढ्याचा पराक्रम आणि त्यातली प्राणहानी शालेय पुस्तकांत येते. पोर्तुगिजांना सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतल्या काही आजही भीमाशंकर, वाईजवळील मेणवली आणि नाशिकचे नारोशंकराचे मंदिर येथे टांगलेल्या आहेत व मंजूळ वाजतात. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. जे गेले नाहीत ते वाडीतले भाविक, आणि त्यांचे एतद्देशीय धर्मगुरू. राज्य बदलले तेव्हा तटाच्या आतले नगर उजाड होत गेले, तटाबाहेरच्या वाड्या मात्र तशाच शिंपल्या जात राहिल्या, हे इतिहासकारांच्या फारसे लक्षात येत नाही. १७८० साली जनरल गॉडर्डने किल्ला जिंकला, सालबाईच्या तहाने तो पेशव्यांकडे परत आला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले. या सर्व काळात केळीच्या पानांवर पाणी पडत होते. डॉ. गर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला, तोवर चर्चच्या भिंतींवर वडपिंपळ उगवले होते.

त्याआधीच, १८६४ साली, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने खाडीवर पूल घालून वसईला मुंबईशी जोडले होते. वसईच्या इतिहासातली ही घटना आम्ही १७३९ इतकीच मोठी मानतो. जो माल होडीने भरती-ओहोटीच्या वेळा पाहून जात असे, तो आता घड्याळाच्या वेळेने जाऊ लागला. विड्याची पाने, फुले, भाजी, केळी आणि आगाशीकडची उन्हात वाळवलेली सुकेळी मुंबईच्या बाजारात पोहोचली. आपल्या समाजातले कितीतरी पुरुष दुधाच्या बरण्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईच्या दारोदार हिंडले. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि अंतर आणखी आखडले. चर्चगेटपासून वसई रोड सुमारे बावन्न किलोमीटर. एवढ्या अंतरावर मुंबई होती म्हणून वाडीतल्या मालाला भाव होता. मुंबईचा पगार होता म्हणून मुले शिकली. आणि त्या पैशातून आपली चर्चे व शाळा उभ्या राहिल्या. शहराला नुसती नावे ठेवणारे आमचे काही मित्र हा जमेचा रकाना वाचत नाहीत. तो वाचला पाहिजे. जवळजवळ शंभर वर्षे हा शेजार दोन्ही घरांना मानवला. मुंबईने वाडीचे पीक नेले आणि वाडीचे पाणी वाडीतच राहिले.

१९८० च्या दशकात मुंबईला पिकाहून अधिक काही हवे झाले. तिच्या माणसांना घरे हवी होती. त्यात त्या माणसांचा दोष नव्हता. गिरणी गेलेला कामगार आणि भाडे न परवडणारा कारकून तरी कोठे जाणार? परंतु इमारती आधी उभ्या राहिल्या आणि नळ नंतर यावयाचे होते. मधल्या काळात टँकर आले. आम्ही तेव्हा गुरुविद्यालयात शिकत होतो. सुटीत घरी आलो असता आमच्या एका नातलगाच्या विहिरीपाशी रात्रभर इंजिन धडधडत असल्याचे ऐकले. नातलगाला टँकरमागे रोख पैसे मिळत, आणि भाजीपेक्षा पाणी विकणे सोपे, असे त्याचे म्हणणे होते. दोनतीन उन्हाळ्यांनी त्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. पाठोपाठ शेजाऱ्याच्या विहिरीचेही, ज्याने एक हंडाही विकला नव्हता. चाळीस फुटांचे ते गणित आम्ही पुस्तकात पुढे वाचले, त्याचे प्रात्यक्षिक आधीच पाहिले होते.

या उपशाविरुद्ध आणि येऊ घातलेल्या विकास आराखड्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जो लढा उभारला, तो महाराष्ट्राच्या पर्यावरण चळवळीत नोंदला गेला आहे. १९९० साली शासनाने वसई-विरार परिसरासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, तेव्हा लढ्याला धार आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’चे संपादक होते. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे काय, यावर तेव्हा आपल्याच लोकांत वाद झाले. आम्हांस तो वाद त्या वेळीही व्यर्थ वाटला. ज्याच्या धर्मग्रामातल्या विहिरी खारावत आहेत त्याने कोणत्या विषयावर प्रवचन करावयाचे? दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्या लढ्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सारे वसईकर एकत्र आले होते, ही गोष्ट आज आवर्जून सांगावीशी वाटते.

लढ्याने पूर थोपवला नाही, त्याचा वेग कमी केला. २००९ साली चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, २०११ साली एकोणतीस गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि तो न्यायालयात गेला. त्याच वर्षीच्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर भरली. एवढ्या लोकांना विहिरी पुरणार नव्हत्याच. पाणी सूर्या नदीवरून आणण्यात आले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या योजनेतून रोज १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याला ठरले, आणि २०२३ च्या अखेरीस ते पाणी येऊ लागले.

नळाला पाणी आले याचा आनंद कोणाला नाही? तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. सूर्येवरचे धामणी धरण आदिवासींच्या मुलखात आहे आणि ते मुळात त्या भागातील शेतीच्या सिंचनासाठी आखले गेले होते. तेथील शेतकऱ्यांनी आपले पाणी शहरांकडे वळवण्याला विरोध केला. मुंबईने १८६० साली विहारचे, १८९२ साली तानसाचे पाणी नेले, आणि तेव्हापासून ती दूरदूरच्या नद्या पीत आली आहे. आता त्या पंक्तीत वसईही बसली आहे. काल टँकरला अडवणारे आम्ही आज दुसऱ्याच्या नदीच्या नळाला तोंड लावून आहोत. जव्हार-विक्रमगडच्या बांधवांनी आम्हांस याचा जाब विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी आपण आपल्या बावखलाकडे एकदा पाहून घेतले पाहिजे.

कारण बावखले आपण बुजवली. हे काम कोणा परक्याने येऊन केले नाही. बहुतेक बावखले खासगी मालकीची, त्यातही चारपाच भावांच्या सामाईक वाट्याची. मुले मुंबईला, आखातात किंवा परदेशी गेली. वाडी शिंपणारे हात उरले नाहीत. डासांची तक्रार झाली. भरणीच्या मातीचा ट्रक स्वस्तात मिळाला. एका पिढीने पैसे मोजून खोदलेला खड्डा दुसरीने पैसे मोजून बुजवला. जुलै २०१८ मध्ये सलग मुसळधार पाऊस झाला तेव्हा वसई, नालासोपारा पाण्याखाली गेले, रेल्वेमार्ग बुडाला, वीज गेली, आणि मिठागरांतल्या वस्तीत अडकलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले. पावसाचे पाणी जेथे थांबत असे ती जागा आपण भरून काढली होती, तेव्हा ते रस्त्यावर आणि लोकांच्या घरात थांबले. पावसाळ्यात बुडावयाचे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावयाची, असे उफराटे ऋतुचक्र समुद्रकाठच्या या सुपीक पट्ट्याच्या वाट्याला आले.

फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली आहे. मोटारी घेऊन माणसे किल्ल्याजवळच्या धक्क्यावर उतरतात. मुंबईहून वसईला पाण्याच्या वाटेने येण्याचा जुना मार्ग अशा रीतीने पुन्हा वाहता झाला. सुटीच्या दिवशी आलेली मंडळी तटावरून सूर्यास्त पाहतात, पडक्या चर्चच्या कमानीखाली छायाचित्रे काढतात, आणि काही जण येथे एखादे छोटे घर मिळेल काय याची चौकशी करतात. ही चौकशी आपल्याच दारी येते. आमच्या घरामागच्या बावखलाच्या उताऱ्यावर सात वारसांची नावे आहेत. त्यांतल्या तिघांनी ते भरून टाकण्यास संमती दिली आहे, दोघे विरोधात आहेत, एक परदेशी आहे आणि त्याचे उत्तर यावयाचे आहे. सातवे नाव आमचे.